क्यूच्या मागून येणारा यू

बारमध्ये मेन्यूकार्डावर बोट ठेवून "हे एक आणा" म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. त्याला वाचता येत नाही असं कोणी समजू नये. तो चांगला इंजिनिअर असतो, कंपनीत त्याला बघून माणसं सिगारेट विझवतात. पण कार्डावर रोमन लिपीत असं एक नाव छापलेलं असतं की त्यात एक क्यू आहे, क्यूला चिकटून यू आहे, पुढेमागे तीन आय सांडलेले आहेत. समोर साडू बसलाय, शेजारी साडूची कॉन्व्हेंटात शिकलेली बायको बसलीय आणि डोक्यावर वेटर पेन उघडून उभा आहे. अशा वेळी शहाणा माणूस जीभ चालवत नाही, बोट चालवतो. बोटाला ना जिल्हा असतो, ना माध्यम.

खरं म्हणजे कॉकटेल हे नाव उच्चारून मागवायची वेळ आपल्यावर अलीकडेच आली. त्याआधी आपल्याकडे कॉकटेल मागवत नसत, ते व्हायचं. "काल कॉकटेल झालं रे," असं माणूस दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कपाळ दाबत सांगायचा. म्हणजे सुरुवात बिअरवर झाली, मध्ये कोणीतरी व्हिस्की काढली आणि शेवटी बाटलीच्या तळाशी राहिलेली रम वाया जाऊ नये म्हणून काटकसरीच्या भावनेने संपवण्यात आली. पाय घसरणं, गाडी पंक्चर होणं आणि कॉकटेल होणं ही एकाच जातीची क्रियापदं. त्यात कर्ता नसतो, फक्त भोक्ता असतो. त्या कॉकटेलला वेगळं नाव नव्हतं, त्यामुळे उच्चाराचा प्रश्नच नव्हता.

आता कॉकटेलला नावं आली. आणि या नावांत सर्वांत जास्त लोकांना बोट वापरायला लावणारं नाव म्हणजे वर सांगितलेलं क्यूवालं. डी, ए, आय, क्यू, यू, आय, आर, आय. डायकरी म्हणा, डायकिरी म्हणा, डॅकरी म्हणा, डायक्विरी म्हणा, दाइकिरी म्हणा. यातला प्रत्येक उच्चार करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि बाकीच्या चौघांना अडाणी समजणारी माणसंही तीच.

हे मूळचं गावाचं नाव. क्यूबाच्या आग्नेय किनाऱ्यावर, सांतियागो शहराच्या पूर्वेला समुद्राला लागून दाइकिरी नावाचं गाव आहे. आजूबाजूच्या डोंगरांत लोखंडाच्या खाणी होत्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या अमेरिकन कंपन्या चालवत होत्या. तिथे जेनिंग्ज कॉक्स नावाचा अमेरिकन खाण-इंजिनिअर होता. (आडनावातच निम्मं कॉकटेल, अशा माणसाच्या हातून दुसरं काय घडणार?) गोष्ट अशी सांगतात की, त्याच्याकडे पाहुणे आले आणि ऐनवेळी जिन संपली. पाहुणे दारात आणि डबा रिकामा, हा प्रसंग ज्या घरात आला नाही ते घर दाखवा. आपल्याकडे अशा वेळी शेजारून वाटीभर साखर येते. कॉक्सकडे साखर होती, लिंबं होती आणि सांतियागोत १८६२ पासून बकार्डीचा कारखाना असल्यामुळे रमला तोटा नव्हता. त्याने तिन्ही एकत्र केली, बर्फ घातला आणि पाहुण्यांनी नाव विचारलं तेव्हा गावाचं नाव ठोकून दिलं. गोष्ट कितपत खरी हे जाऊ द्या. इतकी वर्षं ती सांगितली जातेय, म्हणजे मुरलेली आहे.

गावातली माणसं स्पॅनिश बोलणारी. त्यांच्या तोंडी ते दाइकिरी. द दादातला, त्यावर काही जोर नाही. सगळा जोर शेवटच्या री वर. स्पॅनिशमध्ये त्या शेवटच्या आयच्या डोक्यावर एक तिरकी रेघही देतात, म्हणजे जोर कुठे द्यायचा याची सोय स्पेलिंगमध्येच केलेली आहे. हा शब्द त्याही आधीचा, तिथल्या मूळच्या ताइनो लोकांचा असावा असं मानतात. तेव्हा स्पॅनिश उच्चारालाही कोणी 'शुद्ध' म्हणायला जाऊ नये. त्यांनीही तो कुणाच्या तरी तोंडून ऐकून, आपल्या जिभेला बसेल तसा घेतला.

मग २२ जून १८९८ ला स्पेनशी चाललेल्या युद्धात अमेरिकन फौज नेमकी याच दाइकिरीच्या किनाऱ्यावर उतरली. धड धक्का नाही, लाटा मोठ्या. माणसं होड्यांतून उतरली आणि घोड्यांना सरळ पाण्यात ढकलून 'पोहत जा' म्हणून सांगण्यात आलं. काही घोडे पोचले, काही बुडाले. थिओडोर रूझवेल्टच्या दोन घोड्यांपैकी एक इथेच गेला. गावाचं नाव असं फौजेच्या तोंडी आलं, आणि फौजेच्या तोंडी आलेल्या नावाचं काय होतं हे खडकीचं 'किर्की' आणि शीवचं 'सायन' झालेलं पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९०९ मध्ये लुशियस जॉन्सन नावाच्या अमेरिकन आरमारी डॉक्टरने या पेयाची कृती वॉशिंग्टनच्या आर्मी अँड नेव्ही क्लबात नेली. तिथे आजही दाइकिरीच्या नावाची बैठकीची खोली आहे.

या प्रवासात री वरचा जोर उचलून पहिल्या अक्षरावर ठेवला गेला. इंग्रजी जिभेला जोर पुढे द्यायची खोडच आहे. तिथून पुढे दोन घराणी झाली. एक 'डाय'वालं, एक 'डॅ'वालं. डाय घराण्यात डायकरी आणि डायकिरी, डॅ घराण्यात डॅकरी. इंग्रजी शब्दकोश काढून पाहावा तर तो दोन्ही उच्चार छापून मोकळा होतो. भाऊबंदकीच्या दाव्यात दोन्हीकडून चहा पिऊन येणारा तलाठी असतो, तसा.

आता मला जे सांगायचंय ते हे की, या सगळ्या भानगडीत मराठी माणसाला पडायचं काहीच कारण नव्हतं. द आपल्याकडे आहे, इ आहे, कि आहे, री आहे. दाइकिरी. तिसरीतल्या पोराला पाटीवर लिहून दाखवा, तो सांतियागोच्या माणसाला आनंद होईल असं वाचून दाखवेल. बिचाऱ्या इंग्रजाला दादातला द जन्मात जमत नाही. तो त्याचा ड करतो. आपल्याकडे द वेगळा, ड वेगळा, ध वेगळा, ढ तर वेगळाच आणि वर्गात मागच्या बाकावर. पण आपण दाइकिरीला सांतियागोहून आणलं नाही. आपण तिला न्यूयॉर्क-लंडनमार्गे आणलं आणि वाटेत तिची गाठ आपल्या इंग्रजीच्या बाईंशी पडली.

बाईंनी पाचवीत सांगितलं होतं, क्यू कधी एकटा येत नाही. त्याच्या मागून यू येतोच, आणि दोघं मिळून होतं 'क्व'. क्वीन, क्विक, क्वेश्चन, क्वार्टर. (यातल्या शेवटच्या शब्दाचा उपयोग पुढे आयुष्यात फार होतो.) बाईंचं काही चुकलं नव्हतं, इंग्रजीपुरतं ते बहुतेक खरंच आहे. पण स्पॅनिशमध्ये आय किंवा ईच्या आधी आलेला हा यू नुसता शोभेला असतो, त्याला बोलायची परवानगी नसते. ते आपल्याला कोणी सांगितलंच नाही. म्हणून मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, जिथे जिथे मेन्यूकार्ड आहे तिथे तिथे डायक्विरी आहे. टकीलाचीही कित्येक वर्षं 'टेक्विला' होती. मग सिनेमातून आणि गाण्यांतून ती कानावर पडली आणि सुधारली. दाइकिरीच्या नशिबी अजून गाणं आलेलं नाही.

गंमत म्हणजे क्यू-यूचा स्पॅनिश उच्चार आपल्याला अगदी येत नाही असंही नाही. मॉस्किटो हा शब्द इंग्रजीत आला तो स्पॅनिश-पोर्तुगीजांकडून. त्यात क्यू आहे, यू आहे, आय आहे. पण आजवर एकाही मराठी माणसाने किराणा दुकानात 'मॉस्क्विटो कॉइल' मागितलेली नाही. डासाशी आपली ओळख वाचून झालेली नाही ना.

गेल्या हिवाळ्यात आमच्या नात्यातल्या एका लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पुण्याबाहेरच्या रिसॉर्टवर 'कॉकटेल-संगीत' होतं. पूर्वी आदल्या दिवशी सीमांतपूजन असायचं. आता सीमेवर बार असतो. लॉनच्या कोपऱ्यात फुलांनी सजवलेलं काउंटर, मागे काळी बंडी घातलेला एक तरतरीत पोरगा आणि वर फळ्यावर खडूने वळणदार अक्षरांत पाच-सहा नावं. पहिलंच नाव आपलं क्यूवालं.

माझा मेहुणा लंडनला काही वर्षं काढून आलेला आहे. तो काउंटरशी गेला आणि खर्जात म्हणाला, "वन डायकरी, प्लीज."

पोरगा म्हणाला, "सर?"

"डायकरी."

पोराने काउंटरखाली वाकून पाहिलं. "सर, डायरी इथे नाही. आहेराची वही उद्या हॉलवर बसणार आहे."

मागे माझा मावसभाऊ उभा होता. तो अमेरिकेत, लुईझियाना राज्यात असतो. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्याच्या मुंजीतही पाहिलं नव्हतं. "अहो भावजी," तो मेहुण्याला म्हणाला, "डायकरी कोणी म्हणत नाही आता. डॅकरी. दोस्ता, दोन डॅकरी दे बरं."

शेजारच्या खुर्चीवर सांगलीचे काका बसले होते. ते म्हणाले, "ढेकर? अरे, आधी जेवण तर होऊ दे."

मग दोघांची जुंपली. मेहुण्याचं म्हणणं, इंग्रजी इंग्रजांची, तेव्हा ते म्हणतील ते. भावाचं म्हणणं, पेय अमेरिकन माणसाने काढलं, तेव्हा आमचं बरोबर. वाक्यात 'आमचं' आणि 'ते' अशी सर्वनामं शिरल्यावर वाद लवकर आटपत नाही. दरम्यान पोराला फळ्याकडे बघून उलगडा झाला. तो एकदम मोकळा हसला. "अच्छा, डायक्विरी होय! मग सर, असं सरळ मराठीत सांगा ना."

दोघंही गप्प झाले. त्याने लिंबं कापली, पिळली, बारीक साखर घातली, रम मोजून ओतली, बर्फाबरोबर खडखडवून गाळलं आणि छोट्या देखण्या पेल्यात तीन पेयं पुढे ठेवली. तिसरं काकांचं, त्यांनी मागितलं नव्हतं, पण नको असंही म्हणाले नव्हते.

"काय काय असतं रे यात?" काकांनी विचारलं.

"रम, लिंबू, साखर, काका."

"म्हणजे सरबत बाटवलंय." काकांनी एक घोट घेतला, डोळे बारीक केले, परत एक घेतला. "चांगलं आहे. पण मीठ विसरलास, बाळ."

पोरगा हसला, मेहुणा खजील झाला. खजील व्हायचं काही कारण नव्हतं. जगातले चांगले चांगले बारवाले हल्ली दाइकिरीत मिठाच्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकतात. त्याने लिंबाची धार बोथट होते आणि गोडवा वर येतो. काकांना हे त्यांच्या आईने, उन्हातून आल्यावर दिलेल्या पेल्यात शिकवलं होतं. प्रमाण म्हणाल तर बारवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं ठरलेलं आहे. पांढरी क्यूबन रम ६० मिलिलिटर, ताज्या लिंबाचा रस २०, आणि लांब दांड्याचे दोन चमचे बारीक साखर. उच्चार मात्र संघटनेने ठरवलेला नाही. त्यांनाही संघटना टिकवायची असेल.

मावसभावाच्या लुईझियानाची कथा वेगळीच. न्यू ऑर्लिन्समध्ये त्या पेयाला लाडाने नुसतं 'डॅक' म्हणतात. पण तिथली दाइकिरी म्हणजे कॉक्सची नव्हे. दुकानाच्या भिंतीत गोल काचेची यंत्रं ओळीने बसवलेली असतात आणि प्रत्येकात एकेका रंगाचा बर्फाचा चिखल गरगर फिरत असतो. लाल, निळा, जांभळा, आणि ज्याला नाव नाही असा एक हिरवा. लिंबाचा त्यात संबंध असला तर योगायोगाने. ती घ्यायला गाडीतून उतरावंही लागत नाही. खिडकीशी गाडी लावायची, पैसे द्यायचे, भलामोठा पेला घ्यायचा आणि गाडी चालवत निघायचं.

दारूचा उघडा पेला घेऊन गाडी चालवायला तिथेही बंदीच आहे. पण कायद्याने 'उघडा' म्हणजे काय याची फोड करून दिलेली आहे. बर्फाळ पेयाच्या पेल्याचं झाकण काढलेलं नसेल, झाकणातून स्ट्रॉ वर आलेली नसेल आणि आतलं काही कमी झालेलं नसेल, तर तो पेला उघडा नाही. म्हणून दुकानदार झाकणाच्या भोकावर चिकटपट्टी लावतो, स्ट्रॉ वेगळी हातात देतो, आणि कायदा, दुकानदार, गिऱ्हाईक असे तिघेही एकमेकांकडे पाहून मान डोलावतात. यावर आपण फार हसू नये. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली अजून प्यायला परवाना लागतो, आणि जिथे तो कधीही कोणी विचारत नाही त्या खोलीचं नाव परमिट रूम आहे.

हवानाचा विषय चटकन उरकतो, कारण तिथे सगळे जातात आणि सगळे तोच फोटो काढून आणतात. एल फ्लोरिदिता नावाचा बार. कॉन्स्तांतिनो रिबालाइग्वा नावाच्या बारवाल्याने दाइकिरीला जगात नाव मिळवून दिलं ते इथे. बारच्या कोपऱ्यात हेमिंग्वेचा ब्राँझचा पुतळा टेकून उभा आहे. त्याला साखर चालत नसे, म्हणून त्याच्यासाठी बिनसाखरेची, दुप्पट रमची निराळी दाइकिरी करत. बाहेर पाटी आहे तिचा अर्थ, 'दाइकिरीचा पाळणा'. बाळ जन्मलं आठशे किलोमीटरवर, पाळणा मात्र राजधानीत टांगला. महाराष्ट्रात विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

हवानाचंच दुसरं अपत्य मोहितो. तिच्या बाबतीत मात्र मराठी माणसाने कमाल केली आहे. रम, पुदिना, लिंबू, साखर, सोडा ही तिची सामग्री. आपण तिला महाराष्ट्रात आणताना पहिलं काम केलं ते रम काढून टाकली. उरलं ते पुदिन्याचं सोडा-लिंबू, आणि ते आता तालुक्याच्या एस. टी. स्टँडबाहेर हातगाडीवर मिळतं. गाडीला रंगीत दिव्यांची माळ, फळीवर सिरपच्या बाटल्यांची रांग. पाट्या वाचत हिंडलात तर मोजिटो, मोजीतो, मोइतो, मोहीटो असं सगळं सापडेल. आणि अधूनमधून, कोण जाणे कसं, अचूक मोहितो. स्पॅनिशमध्ये जे म्हणजे ह, आणि टी म्हणजे आपला तोंडातला मऊ त. लंडनचा माणूस 'मोहीटोऊ' म्हणत ओठांचा चंबू करतो, पण इथल्या गाडीवरचा पोरगा सरळ मोहितो म्हणतो आणि क्यूबन माणसाच्या काळजाला हात घालतो. त्याला हे कोणी शिकवलेलं नाही. त्याला फक्त तो शब्द मराठी वाटला. आहेच तो मराठी! करितो, मारितो, मोहितो. झुपकेदार मिशीचा नट तंबोऱ्याच्या सुरात रुक्मिणीकडे हात करून आळवतोय, असं डोळ्यांपुढे येतं.

याचा जाच फक्त मोहिते आडनावाच्या मुलांना होतो. कॉलेजच्या कँटीनमध्ये 'व्हर्जिन मोहितो'ची पाटी लागल्यापासून त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते त्यांनाच विचारा. घराण्यात स्वराज्याचा सरसेनापती होऊन गेलाय, आणि हे!

त्याच गाडीवर निळी मोहितो मागा. निळ्या बाटलीवर 'ब्ल्यू कुराकाओ' असं वाचून पोरगा ती ओतेल. बाटलीवरच्या त्या सीला खाली एक बारीकशी शेपटी असते. कुरासाव हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, तिथल्या कडवट संत्र्यांच्या सालीपासून मूळ पेय करत, म्हणून बेटाचंच नाव. शेपटी असली की सीचा स होतो. शेपटी दिसत नाही, म्हणून क. अनुस्वाराच्या एका ठिपक्यावरून ज्यांचे दहावीचे गुण गेले आहेत, त्यांनी तरी पोराला नावं ठेवू नयेत.

मात्र खरी मौज ब्राझीलच्या पेयात आहे. उसाच्या रसाची दारू, लिंबाच्या फोडी, साखर. लिंबू आणि साखर एकत्र कुटायची, वर दारू ओतायची. मेन्यूवर तिचं नाव वाचून आपण कैपिरिन्हा म्हणतो, कारण शेवटी एन, एच, ए आहे. पोर्तुगीजमध्ये एन-एच म्हणजे ञ. कायपिरीञा. बघा, बाराखडीत आपण ञ कशासाठी घोकला! आख्खं बालपण 'च छ ज झ ञ' म्हणण्यात गेलं, त्यातला ञ पुढे आयुष्यात कुठे भेटलाच नाही. ञ ची पाटी कोऱ्या चित्राची असायची. शेजारी ङ, तोही तसाच बेकार. आणि हा गडी इतकी वर्षं ब्राझीलच्या बारमध्ये कामाला होता.

गोव्यामुळे तरी आपल्याला हे कळायला हवं होतं. १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज शेजारी बसले होते. पण आपण नोरोन्हा, कुन्हा असं हकारासकट लिहीत राहिलो आणि त्या आडनावांच्या माणसांनीही शेवटी हात टेकले. तेव्हा नोरोन्हा म्हणणाऱ्याने कैपिरिन्हा म्हणणं हे निदान सुसंगत तरी आहे.

कायपिरीञा या नावातला 'कायपिरा' म्हणजे साओ पावलोच्या आतल्या भागातला खेडवळ माणूस. आपल्या भाषेत गावठी. शेवटचं 'इञा' लाडाचं. म्हणजे आपल्या तालुक्यात जी पत्र्याच्या डब्यातून, पोलिसांचा डोळा चुकवून विकतात, तिचंच नाव घेऊन ही पंचतारांकित हॉटेलात छत्री लावून बसते. या कायपिरा लोकांचा र ब्राझीलभर प्रसिद्ध आहे. जीभ मागे वळवून, लोळवून काढलेला र. रिओच्या माणसाचा र पुष्कळ ठिकाणी घशातून, जवळजवळ ह सारखा निघतो, आणि तो कायपिराच्या र ची नक्कल करून हसतो. पेयाला नाव ज्याचं, त्याच्याच बोलण्याला शहरवाले हसतात. वर ते पेय पिऊन हसतात. पुण्याच्या वाचकाला हे समजावून सांगत बसायला नको. कोल्हापूरच्या आणि वऱ्हाडातल्या वाचकाला तर नकोच नको.

स्वतः गोव्यात मात्र असला उच्चारांचा तमाशा नसतो, तो पाहुणे करतात. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांची पहिली धार निघते ती उर्राक. तिच्यात लिम्का, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून ती घेतात. कॉकटेलला आणखी काय लागतं? पण तिला कोणी कॉकटेल म्हणत नाही, म्हणून ती उच्चारायला कोणी घाबरतही नाही. फक्त दिल्लीहून आलेला माणूस फळ्यावरचं रोमन वाचून "एक यूरॅक" म्हणतो. पोसरकार, म्हणजे दुकानदार, त्याच्याकडे डॉक्टर पाहतो तसं पाहतो आणि मग देतो. दुसऱ्याच धारेला फेणी होते, आणि ती ण ने की न ने यावर देशावरची आणि कोकणातली माणसं भांडतील तेवढी थोडी. २००९ मध्ये गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही अर्ज इंग्रजीत होता, त्यामुळे ण चा निकाल लागला नाही.

पणजीहून मांडवी ओलांडली की बार्देशात नेरुल नावाचं गाव आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर शिवाजी महाराजांच्या काळात या किनाऱ्यावर हिंडत होता. मुघलांच्या किल्लेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरपर्यंत जाऊन आला होता. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात या नेरुलची दारू उत्तम असल्याची नोंद आहे. तिच्यापासून इंग्रज एक पेय करतात, त्यात पाच वस्तू पडतात आणि इथल्या भाषेत पाचाला म्हणतात तेच त्याचं नाव, असं तो सांगतो. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. म्हणजे पंच. जगातल्या बारमध्ये आज जे काही ढवळलं जातं, त्या सगळ्याचा हा पणजोबा. काही अभ्यासकांना 'पाच'ची ही व्युत्पत्ती पटत नाही. १६३२ च्या कंपनीच्या एका पत्रातही हा शब्द आहे, आणि त्या काळच्या इंग्रजाच्या तोंडी त्याचा उच्चार 'पुंच'च्या जवळ जात असणार, मग पाच कुठून आला, असं ते विचारतात. विचारू देत. ज्यांनी खडकीचं किर्की केलं त्यांच्या तोंडी पाचचं पुंच होणार नाही, हे समजण्याइतका मी भोळा नाही.

आणि बाकीच्या गोऱ्यांनी तर त्याची दशाच केली. इंग्रज म्हणायचे 'बोल ऑफ पंच', म्हणजे वाडगाभर पंच. १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो नावाच्या जर्मनाने ते ऐकलं आणि वहीत लिहिलं 'पालेपुंट्झ'. बर्निये नावाच्या फ्रेंच वैद्याने तेच बंगालमध्ये ऐकलं आणि लिहिलं 'बुलपाँज'. आम्ही आठ अक्षरांच्या स्पॅनिश शब्दात एक व जास्त घातला तर मेहुणा तोंड फिरवतो. यांना दोन अक्षरांचा पाच पेलला नाही. स्वतः फ्रायरने, जो पाच म्हणजे पाच हे नीट जाणून होता, त्याचं स्पेलिंग केलं पी, ए, यू, एन, सी, एच. इंग्रजीत त्याचा अर्थ ढेरपोट. डॉक्टर होता, पुढचं दिसलं असेल.